स्वयंपाकघरातलं टेबल

३ मार्च

प्रिय ढब्बू,

पत्र लिहायला भाग पडलं त्याचं कारण आधी सांगते. आई जेवत नाही.

आई म्हणजे आपल्या सगळ्यांची अक्का. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, दात तपासले. कशातही काही नाही. ताटावर बसते, भात इकडचा तिकडे करते आणि ‘झालं माझं’ म्हणून उठते. कपडे अंगावर लोंबायला लागलेत. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी नोकरीभर न जेवणाऱ्या मुली पाहिल्या. त्यांना जेवायला लावायच्या माझ्या सगळ्या युक्त्या तिच्यावर करून झाल्या. परवा मला म्हणाली, “मी तुझ्या वसतिगृहात राहत नाही.”

मागच्या आठवड्यात भाऊ म्हणाला, या सुट्टीत सगळे मिळून कुठेतरी जाऊ. मुलं डोंगर म्हणाली. अक्का मान वर न करता तुमचं गाव म्हणाली. समुद्र बघायचाय म्हणे. इतक्या वर्षांत तिने त्या गावाचं नाव काढलेलं नाही, म्हणून मी दुसऱ्या कुणाला तोंड उघडू दिलं नाही. मे महिन्यात येतोय.

आता प्रश्न जेवायचं कुठे. मागच्या सुट्टीत रोज दुपारी रस्त्यात उभं राहून भांडण व्हायचं. भावाला मासा हवा, भावजयीला माशाचा वास नको. त्यांचा मुलगा पांढरं सोडून काही खात नाही: भात, पाव, बटाटा, अंड्यातला बलक काढून उरलेलं. मुलीला जिथे फोटो चांगले येतात तिथे भूक लागते. तोवर अक्का बाकड्यावर बसून ‘मला नकोच आहे’ म्हणून मोकळी. या वेळी मी आधी ठरवून निघणार. तुझा जन्म त्या गावात गेला आणि धंदाही खाण्याचाच, तेव्हा ठिकाणं कळव. पायऱ्या कमी, खुर्चीला पाठ, भात मऊ, गोंगाट नाही. फोनवर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून लिहून पाठव.

माईची खाणावळ यात धरू नकोस. कारण तुला माहीत आहे. माझी मावशी असली तरी तुझी आई आहे, तेव्हा तिला माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तू ठरव.

तुझी
ताई

(तू आता पन्नाशीचा झालास, पण मावसभावाला दुसऱ्या नावाने हाक मारणं मला या वयात जमायचं नाही.)


१२ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझं पाकीट बघून वाटलं, वसतिगृहातून काढून टाकल्याची नोटीस आली. उभं राहूनच वाचलं.

ठिकाणं लिहितो. धक्क्यावर एक आहे. मासा सकाळी पाण्यात, दुपारी ताटात. पण बसायला बाकं, आणि मालक गिऱ्हाइकाशी कुस्ती खेळल्यासारखा बोलतो. भाऊला आवडेल, भावजय दारातूनच परत जाईल. बाजारात बँकेच्या मागे एक बाई घरीच वाढते. भात मऊ, हात सढळ. फक्त आपण जेवत असताना ती समोर बसून नवऱ्याच्या आजाराचं सांगते, आणि आजार पोटाचा आहे. दीपगृहाच्या वाटेवर नवीन काचेचं झालंय. तिथे फोटो झकास येतात. खायला काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही.

उरलं आमच्या समोरचं, व्हरांड्यावालं. पायरी एकच, खुर्च्यांना पाठ, भात मऊ, पोराला पांढरं लागेल तेवढं. खरं सांगायचं तर सध्या गावात सगळ्यात बरं तेच. तिथेच जा.

पण एक गोष्ट तू चुकीची लिहिलीस. कारण मला माहीत नाही. मी तेव्हा शाळेत होतो. एवढंच आठवतं की एका दुपारी तुम्ही सगळे समोरच्या व्हरांड्यात जेवत होता आणि माईने आमची खिडकी लावून घेतली. भर उन्हाळ्यात. त्यानंतर तुम्ही आला नाहीत. मी विचारलं की माई म्हणायची, “त्यांना तिकडचं आवडतं.” तू कॉलेजात होतीस, तुला कळत असणार. सांग.

नमस्कार सांगितला. माईने विचारलं, “आणि अक्का?” म्हटलं, येतेय. ती तांदूळ निवडत होती. निवडलेले पुन्हा निवडायला घेतले.

तुझा (आता वाळलेला)
ढब्बू


२० मार्च

प्रिय ढब्बू,

विचारलंस म्हणून लिहिते. माईने खाणावळ नुकतीच काढली होती. पुढच्या खोलीत समुद्राकडे तोंड करून टेबलं, त्यांवर पांढरी कापडं. त्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती. अक्काने ते शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नव्हतं, फक्त माईला कळवलं होतं. आम्ही जेवायला आलो तेव्हा पुढची टेबलं रिकामी होत होती, तरी माईने आम्हाला तिथे बसवलं नाही. आत नेलं, स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या टेबलावर. माझ्या मानेला धग लागत होती ती अजून आठवते. बाबा खाली मान घालून जेवले.

टेबल डुगडुगत होतं. अक्का उठली, मागच्या दाराने किनाऱ्यावर गेली, एक चपटा दगड आणून पायाखाली सारला आणि मग जेवली. दुसऱ्या दिवशी आम्हाला समोरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. म्हणाली, “इथे निदान चारचौघांत बसवतात.” एवढंच. गरीब झालेल्या बहिणीला मागे बसवलं, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते पुन्हा निघालं नाही. मलाही तेव्हा दुसरा अर्थ दिसला नव्हता.

आता माझा प्रश्न. धंदा करणारा माणूस समोरच्या दुकानाची इतकी मनापासून स्तुती करतो तेव्हा एक तर तो खोटं बोलत असतो, नाहीतर आपलं दुकान बंद करत असतो. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी यायचं नाही, आता काय येणार. तर काय ते सरळ लिही.

ताई


३१ मार्च

ती. ताई,

तू रेक्टर होतीस तेव्हा त्या मुली खिडकीतून उडी मारून सिनेमाला कशा जात असतील, देव जाणे.

होय, बंद करतोय. हा शेवटचा हंगाम. मे संपला की जागा ताब्यात द्यायची. घेणारा सगळं पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधणार आहे. माझ्याच्याने आता होत नाही, आणि माईला सत्तराव्या वर्षानंतर मी भांड्यांना हात लावू देत नाही तरी ती लावतेच. आम्ही दोघं जाळी विणायच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार. जिना उभा आहे. माई एकदा वर चढली की पुन्हा किती वेळा उतरेल, ते तिला कळतं.

तू लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. कांदा चिरत होती, तेव्हा डोळ्यांवरून काही ठरवता आलं नाही. म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो:

“पुढं गिऱ्हाईक बसतं. सख्ख्या बहिणीला गिऱ्हाइकात बसवू? ते टेबल माझं आहे. त्यावर मी पीठ मळते, तिथंच जेवते, रडायचं तर तिथंच रडते. बाहेरच्या कुणाला मी तिथं कधी बसू दिलं नाही. तिचा नवरा खचलेला. पुढं चार लोक विचारणार, काय, सध्या कुठं असता? म्हणून आत घेतलं. आणि ती गेली माझ्या दारासमोर जेवायला. गावानं बघितलं, हिची बहीणच हिच्या हातचं खात नाही.”

मग सुरी ठेवली आणि विचारलं, “जेवत नाही म्हणजे अगदीच नाही?”

ताई, तो दगड अजून पायाखाली आहे. मी लहानपणापासून त्याला ठेच लावून घेतोय. एकदा काढायला गेलो तर माईने फटका दिला होता. कारण आज कळलं.

ढब्बू


९ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र अक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, “का आत बसवलं ते तेव्हाच सांगायला काय झालं होतं?”

मी म्हटलं, “तू विचारलं होतंस का?”

“मी मोठी आहे.”

ही दोघींची अक्कल. आपण आता यांच्या भरवशावर राहायचं नाही. मी असं ठरवलं आहे: पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाणावळीत येऊ. पुढच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल अक्कासाठी राखून ठेव. कापड घाल. माई तिच्यासमोर बसेल, वाढायला उठणार नाही, वाढशील तू. जिथे बसवलं नाही म्हणून हे झालं, तिथे बसवलं की मिटेल. तू माईला एवढंच सांग. अक्काला मी सांगितलं आहे. ती ‘हं’ म्हणाली. मुलासाठी बटाटे उकडून ठेव.

खाणावळ बंद होतेय हेही तिला सांगितलं. त्या दुपारी नेहमीपेक्षाही कमी जेवली.

ताई


२ मे

ढब्बू,

स्नानगृहात घसरले. पाय प्लास्टरमध्ये. मला येता येत नाही आणि मी नाही म्हणून बेत रद्द करायला मी कुणाला परवानगी दिलेली नाही. भाऊ सगळ्यांना घेऊन येतोय. तो गाडी नीट चालवतो, बाकी काही त्याच्यावर सोपवू नकोस. ठरलं आहे त्यात फरक करायचा नाही: पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल, दोघी समोरासमोर. काय झालं ते सविस्तर लिही. ‘सगळं छान झालं’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

ताई


१६ मे

ती. ताई,

सगळं छान झालं नाही. आधी ते सांगतो, मग उरलेलं.

माई सकाळपासून तयार. इस्त्रीचे कपडे, केस विंचरलेले, खिडकीजवळच्या टेबलावर हात ठेवून बसलेली. तूच सांगितलं होतंस ना, म्हणून एकदाही उठली नाही. उठावंसं वाटलं की कापड सारखं करायची. गाडी थांबली. भाऊ उतरला, भावजय, मुलं. अक्का नाही. भाऊ म्हणाला, “तिला कोपऱ्यावरच उतरवलं. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी हळूहळू येते.”

आम्ही थांबलो. मुलगी दारात जाऊन आली, रस्त्यावर कुणी नाही. समोरच्या व्हरांड्यात माणसं जेवत होती. माईने तिकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोरांना वाढ. भुकेली असतील.”

मी भात आणायला आत गेलो आणि पातेलं हातातून पडायचंच राहिलं. अक्का स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली होती. शेगडीजवळ, भिंतीला लागून, तिच्या जुन्या जागेवर. बोळातून पाण्याच्या टाकीला वळसा घालून मागच्या दाराने आली होती. इतक्या वर्षांनी वाट चुकली नाही. दोन्ही हात टेबलावर, तोंड लाल झालेलं.

“अक्का, इथे काय करतेस? तुझी जागा पुढे ठेवलीय.”

“माझी जागा कुठली ते तू मला नको सांगू. तिने पत्रात काय लिहवलं होतं? आपली माणसं इथं बसतात ना? मग ती कुठंय? कधीची बसलेय. बाहेर तिचा आवाज येतोय आणि आत डोकावली नाही.”

मी पळत पुढे. “माई, अक्का आलीय, आत बसलीय.”

“आत? तिला पुढं बसायचं होतं ना? एवढं कापड घातलंय.”

“तू चल आत.”

“का म्हणून? ताईने काय ठरवलंय? मी इथंच बसायचं.”

मी आत. “अक्का, माई म्हणतेय बाहेर ये.”

“मी बसले. आता उठणार नाही.”

ताई, खरं सांगतो, मी पाचेक खेपा घातल्या. दोघींनी एकमेकींचं ऐकलं होतं, तेही अगदी मनापासून, आणि त्यामुळेच आता कुणी हलायला तयार नव्हतं. हलली ती हरली. भाऊ म्हणाला, “ताईला फोन करू?” भावजय म्हणाली, “नको, प्लास्टरसकट येतील.” मग तिलाच सुचलं. म्हणाली, “माणसं हलत नाहीत तर टेबल हलवा.”

मी आणि भाऊने ते टेबल उचललं. अक्का म्हणाली, “अरे, अरे, माझा हात,” आणि हात काढून घेतला, पण खुर्ची घेऊन टेबलाच्या मागोमाग आली. दारापर्यंत नीट आलं. पण दाराची चौकट मी मध्ये वाळवी लागली म्हणून बदलली होती, ती अरुंद झाली हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अर्धं टेबल बाहेर गेलं आणि पक्कं बसलं. पुढे जाईना, मागे येईना. भाऊने खांदा लावला, तेव्हा आणखी रुतलं.

आवाज ऐकून माई उठून आली. “दार पाडताय का? पाडायला तो येणारच आहे महिनाअखेर.” आणि थांबली. टेबलाच्या या टोकाला माई, पुढच्या खोलीत. त्या टोकाला अक्का, स्वयंपाकघरात. मध्ये टेबल. कुणीच कुणाकडे गेलं नव्हतं.

मग अक्काने टेबलावर हात दाबून बघितला.

“अजून हलतंय.”

“दगड आत राहिला,” माई म्हणाली. “तुझ्या बाजूला बघ.”

अक्का उठली, शेगडीजवळून दगड उचलून आणला आणि पायाखाली सारला. माईने खिडकीजवळचं पांढरं कापड ओढून आणलं आणि आपल्या बाजूच्या अर्ध्या टेबलावर पसरलं. अक्का म्हणाली, “माझ्या बाजूला नको. मळेल.” आणि दोघी बसल्या.

काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण दार बंद झाल्यामुळे सगळ्या गिऱ्हाइकांची ताटं मला मागच्या दाराने बाहेर नेऊन खिडकीतून आत द्यावी लागत होती. आत तुझी भाचरं वाढत होती. वाढता वाढता पोराने तळलेला मासा खाल्ला. पांढरा नव्हता. तुझ्या भावजयीने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आता तुला हवं ते. अक्का जेवली. ताट रिकामं केलं आणि माईला म्हणाली, “भात आहे का अजून?” माईने मला वाढायला बोलावलं नाही. टेबलाला वळसा घालायला जागा नव्हती, म्हणून खिडकीतून पातेलं मागवून घेतलं आणि स्वतः वाढला.

पुढे ती सगळी निघेपर्यंत टेबल तिथेच होतं. मी करवत आणली तर दोघींनी ओरडून परत पाठवलं. सगळी जेवणं तिथेच झाली. समुद्र बघायला अक्का एकदाच गेली, तेही भावजयीने ओढून नेलं म्हणून.

ढब्बू


२५ मे

प्रिय ढब्बू,

पत्र परत पाठवत नाही.

अक्काला विचारलं, कशी झाली सुट्टी. म्हणाली, “टेबल अडकलं होतं. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.” यापलीकडे तिच्याकडून काही निघालं नाही. पण काल दुपारी तिने घास तोंडात घेतला आणि म्हणाली, “भात कडक ठेवलायस. माईसारखं पाणी ठेवायला शीक.” वर्षभरात तिने माझ्या जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. मी प्लास्टरचा पाय ओढत स्वयंपाकघरात जाऊन जरा उभी राहिले. मग पाणी घालून भात पुन्हा शिजवला आणि ती जेवली.

माझा बेत चुकला, हे तू सभ्यपणे लिहायचं टाळलंस. मी एका बाजूचं लक्षात घेऊन दोघींना सांगितलं. एकमेकींचं कळल्यावर त्या जागा बदलतील, हे ध्यानात यायला हवं होतं.

आज सकाळी अक्काने विचारलं, जागा पाडताना त्या टेबलाचं काय करणार आहेत. मी म्हटलं, मोडतोडीत जाईल. “ते इथं मागव,” म्हणाली. माझ्या स्वयंपाकघरात आहे ते टेबल धड आहे आणि दुसऱ्याला जागा नाही, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग तुझं काढ.” तेव्हा कळव, देशील का आणि कसं पाठवशील. माईला विचारून.

ताई


८ जून (टेम्पोबरोबर)

ती. ताई,

टेबल पाठवतोय. दारातून काही केल्या निघेना, शेवटी एक पाय कापला. तुझाही पाय आणि त्याचाही, एकाच मोसमात. चौकट तोडायला हवी होती, पण जागा ताब्यात देताना चौकट शाबूत द्यायची असं लिहून घेतलं होतं, आणि ज्या माणसाला सगळं पाडायचंच आहे त्याने ती वाकून तपासलीसुद्धा.

माईला विचारलं होतं. हो म्हणाली. मग म्हणाली, “टेम्पोवाले आदळतात. नीट पोचतंय का बघायला कुणीतरी हवं.” मी म्हटलं, मी जातो. म्हणाली, “तू खोल्यांचं सामान लाव. मी बघते टेबलाकडे.” आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. पिशवी आधीच भरलेली होती. उभ्या जिन्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

पोचल्याचं कळव. काय काय मिळालं ते नीट लिही, तुला ते जमतं.

ढब्बू


११ जून

प्रिय ढब्बू,

पोच देते.

टेबल एक. फळी शाबूत, एका कडेला चौकटीचा रंग घासून लागलेला. पाय तीन जागेवर, चौथा गोणपाटात गुंडाळून वेगळा. सुताराकडून बसवून घेतला. माझं टेबल भावाकडे गेलं.

पांढरं कापड एक. अर्धंच पसरतात.

माई, पिशवीसह. पत्रात तिचा उल्लेख असला तरी किती दिवसांसाठी ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी विचारलेलं नाही. पलंग अक्काच्या खोलीत लावला आहे. भातात पाणी आता ती ठेवते. अक्का रोज नाव ठेवते आणि रोज जेवते.

चपटा दगड एक, माईच्या रुमालात बांधलेला. सुताराने टेबल अगदी समतल करून दिलं होतं, मी स्वतः पाण्याचा पेला ठेवून पाहिलं. दोघी म्हणाल्या, हलतंय. अक्काने वाकून दगड पायाखाली घातला. आता हलतंय.

सर्व मिळालं.

ताई